भिंतीवरच्या रेघा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर पेन्सिलीच्या रेघांच्या दोन रांगा आहेत. पहिली चिरंजीवांच्या उंचीची. दर वाढदिवसाला त्यांना भिंतीशी उभे करून, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून मी ती वाढवत नेली. सातव्या इयत्तेपर्यंत ती आली आणि थांबली. पुढे चिरंजीवांना भिंतीशी उभे राहणे कमीपणाचे वाटू लागले. दुसरी रांग तिला लागूनच आहे. पण तिच्यातल्या रेघा फणीच्या दातांसारख्या दाट आहेत. कुठे महिन्याभरात दोन बोटे वर, कुठे नुसती नखभर. एके ठिकाणी तर वरच्या रेघेवर आधीची तारीख आहे आणि खालच्या रेघेवर नंतरची. वाढत्या मुलाच्या बाबतीत असे कधी होत नाही. ही दुसरी रांग आमच्या सौभाग्यवतींच्या उजव्या हाताची आहे.

या सदरात मी वर्षभर म्हणी, उत्तरपत्रिकांतल्या गमती आणि वऱ्हाडचा उन्हाळा यांवर लिहीत असतो. दिवाळीच्या अंकात, चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचायला हा विषय बरा का, असा प्रश्न मलाही पडला होता. पण स्तनाचा कर्करोग हा आज आपल्या देशातल्या स्त्रियांना होणारा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे. आपल्या आळीत, नात्यात, बायकोच्या मैत्रिणींत तो कोणालाच झालेला नाही, असे छातीवर हात ठेवून सांगू शकणारे वाचक थोडेच असतील. (पाहा, आपले वाक्प्रचारसुद्धा कसे नको तिथे येऊन उभे राहतात!) आणि ज्यांच्या घरी तो आला त्यांनीही तो शब्द हळू आवाजात, दार लोटून उच्चारला असेल. सौ.ची परवानगी मी रीतसर घेतली आहे. ती म्हणाली, “लिहा. पण रडकं लिहू नका, आणि माझं नाव घालू नका.”

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी आटोपून पंधरा दिवस होतात न होतात तोच गाठ कळली. शस्त्रक्रिया नागपूरला झाली. उजवीकडचे स्तन काढले, काखेतल्या काही ग्रंथीही काढल्या. मग सलाइनमधून द्यायची औषधे, मग किरणांचा उपचार. त्या हिवाळ्यात अमरावती ते नागपूर हा रस्ता आम्हांला पाठ झाला. वाटेत मोझरी लागते. तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज दिसला की ती हात जोडायची. डावाच हात कपाळाला लावायची. महाराज १९६८ साली कर्करोगानेच गेले, आणि नागपुरात त्यांच्या नावाने कर्करोगाचे रुग्णालय उभे आहे, हे मला तोवर दोन स्वतंत्र गोष्टींसारखे ठाऊक होते. त्या रस्त्यावर त्या दोन्ही जोडल्या गेल्या.

गुढीपाडव्याच्या सुमारास उपचार संपले. डॉक्टर म्हणाले, आता सगळे नेहमीसारखे सुरू करा. रोज चाला, हाताचे व्यायाम करा. त्यांनी चित्रे काढलेला एक कागद दिला. कागद आम्ही शीतकपाटाच्या दारावर लावला आणि तो तिथेच राहिला.

वाचकहो, इथून पुढची हकीकत माझ्या मूर्खपणाची आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आम्ही सगळे फार चांगले वागलो. तिच्या हातातली बादली मी घेतली. कणीक चिरंजीवांनी मळली. ती कणीक कशी होती ते विचारू नका. दोरीवर कपडे टाकायला बाई ठेवली. ती उठू लागली की चार तोंडांतून एकच शब्द निघे, “बस!” पाहुणे येत, तेही तिला बसवून जात. अशा रीतीने तीन महिने आम्ही तिला प्रेमाने बसवून ठेवले, आणि वैशाखात ध्यानात आले की तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी घालायची अडचण नव्हती, कारण घालायला केसच नव्हते. पण झंपर अंगात घालताना तिला डोळ्यांत पाणी यायचे, आणि ते ती पदराने टिपायची ते मात्र डाव्या हाताने.

मग मी उपदेशाकडे वळलो. माझा धंदाच तो. बी. ए.च्या मुलांना मी काव्यप्रयोजने शिकवतो. मम्मटाने उपदेशाच्या तीन तऱ्हा मानल्या आहेत. धन्याने आज्ञा करावी तशी प्रभुसंमित, मित्राने समजूत घालावी तशी सुहृत्संमित, आणि प्रिय पत्नीने गोडीगुलाबीने वळवावे तशी कान्तासंमित. मी क्रमाने जाऊ लागलो. “आज व्यायाम झाला का?” असे दिवसातून तीनदा विचारले. ती प्रभुसंमित. मग आकडे सांगितले. अमेरिकेत २,९८७ परिचारिकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. या रोगातून उठलेल्या ज्या बायका आठवड्याला तीन ते पाच तास बेताच्या चालीने चालत, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जवळजवळ न चालणाऱ्यांपेक्षा निम्म्याच्या आसपास होते. ही सुहृत्संमित. तिने शांतपणे विचारले, “चालल्या म्हणून जगल्या, की बऱ्या होत्या म्हणून चालल्या?” प्रश्न बिनतोड होता. असल्या पाहणीला शास्त्रज्ञही हीच शंका काढतात. राहिली कान्तासंमित; पण कान्तेलाच उपदेश करायचा असेल तर काय करावे, याविषयी मम्मट गप्प आहे.

मग मी खर्च केला. राजकमल चौकातून पळण्याचे बूट आणले. पावले मोजणारे घड्याळ आणले. पहिल्या तीन दिवसांत आठ-आठ हजार पावले पडलेली पाहून मी इतका हरखलो की प्राध्यापकांच्या खोलीत सर्वांना सांगितले. चौथ्या दिवशी उलगडा झाला. घड्याळ चिरंजीवांच्या मनगटावर कॉलेजात जात होते.

ज्या गावात हे चालले होते ते गाव कोणते, याचाही विचार करा. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आज मालटेकडीवर पहाटे इतके लोक चालायला येतात की नमस्कार करता करताच दम लागतो. अशा व्यायामाच्या माहेरात माझ्या घरातला एक हात खांद्याच्या वर जात नव्हता.

ज्येष्ठात अकोल्याहून अक्का आली. अक्का माझी थोरली बहीण. शाळेत शिकवत असे, आता निवृत्त आहे. नऊ वर्षांपूर्वी तिलाही हेच झाले होते. ती आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सगळी तक्रार सांगितली. ती म्हणाली, “तू जरा चार दिवस कॉलेजात जास्त वेळ थांब.”

सौ.ने जे मला तीन महिन्यांत सांगितले नव्हते ते अक्काला, वन्संना, दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितले. पुढे ते मला हप्त्याहप्त्याने कळले. एक म्हणजे भीती. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या कोणीतरी तिला सांगितले होते की, या हाताने काही उचलले की हात हत्तीच्या पायासारखा होतो. ही भीती अगदीच वाऱ्यावरची नाही. काखेतल्या ग्रंथी काढल्या की हातातली लसिका वाहून जायच्या वाटा कमी होतात आणि काही जणींचा हात सुजतो. म्हणून वर्षानुवर्षे डॉक्टरही सांगत आले की, या हाताने जड उचलू नका, मूल कडेवर घेऊ नका. ‘नका’ची ती यादी लांबतच गेली. २००९ साली अमेरिकेतल्या कॅथरिन श्मिट्झ या बाईंनी हात आधीच सुजलेल्या १४१ स्त्रिया घेतल्या आणि त्यांतल्या निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, वर्षभर, वजने उचलायला लावली; सुरुवात अगदी हलक्या वजनापासून, शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेखाली, हातावर घट्ट बाही चढवून. सूज वाढली नाही. उलट सूज एकदम चढण्याचे प्रसंग वजने उचलणाऱ्यांतच कमी आले. स्नायू हलले म्हणजे ते लसिकेला पुढे ढकलतात, हे त्यातले साधे इंगित. तेव्हा बादली हातातून काढून घेणारा नवरा हा उपचार नव्हे, हे मला माझ्याच घरात जरा उशिरा कळले. बादली एकदम भरलेली नको, एवढेच. आधी तांब्या, मग पाव बादली.

दुसरी गोष्ट थकवा. आम्हांला वाटे, थकली आहे तर पडू द्यावे. पण या उपचारांचा थकवा झोपेने उतरणारा नसतो. तो चार पावले चालल्याने हळूहळू उतरतो, हे आता बऱ्याच प्रयोगांनी दिसून आले आहे. ऐकणाऱ्याला हे उफराटे वाटते, तिलाही वाटले.

तिसरी गोष्ट ऐकून मात्र मी गप्प झालो. तिला फाटकाबाहेर पडायचीच लाज वाटत होती. केस बोटभर आलेले. झंपर एका बाजूने रिकामा, कितीही पदर ओढला तरी. आणि गल्लीत चार घरांपुढून जायचे म्हणजे चार ठिकाणी “आता कसं वाटतं?” हा प्रश्न, तोही समाचाराला आल्यासारख्या आवाजात. मी बूट आणले होते. पण अडचण पायांची नव्हतीच.

आणि चौथी. ती तिने अक्काला अगदी शेवटी, जायच्या आदल्या रात्री विचारली. “वन्सं, हे सगळं करायचं, आणि ते परत आलं तर?”

अक्काच्या जागी मी असतो तर म्हणालो असतो, “असं अभद्र बोलू नये.” अक्का म्हणाली, “येईल तेव्हा येईल. मलाही नऊ वर्षं ठाऊक नाही. तोवर फडताळातला डबा कोणी काढायचा? हा काढणार?” ‘हा’ म्हणजे मी.

भिंतीवरची पहिली रेघ अक्काने त्या रात्री ओढली. भिंतीशी तोंड करून उभे राहायचे आणि बोटे कोळ्यासारखी एकेक वर चढवत न्यायची. जिथे ताण बसेल तिथे थांबायचे, दहा आकडे मोजायचे, उतरायचे. डॉक्टरांच्या कागदावरचे दुसरे चित्र हेच होते. कागदाने तीन महिन्यांत जे झाले नाही ते पेन्सिलीने झाले, कारण कागदावरची बाई कोणीतरी परकी होती आणि भिंतीवरची रेघ स्वतःची. पहिली रेघ चिरंजीवांच्या चौथ्या वर्षाच्या रेघेबरोबर येते. तो अकरावीत आहे. “आईला अजून सात इयत्ता चढायच्या आहेत,” तो म्हणाला, आणि घरात कितीतरी दिवसांनी सगळे हसले.

या भिंतीच्या व्यायामामागे एक इतिहास आहे, तो मी मागाहून वाचला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या हॉल्स्टेड नावाच्या शल्यविशारदाने या रोगात स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढून टाकायची पद्धत रूढ केली. पाऊणशे वर्षे ती चालली. बायका वाचत, पण खांदा जागच्या जागी आखडून जाई, आणि त्याविषयी त्यांच्याशी कोणी बोलत नसे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या टेरीज लॅसर या बाईंवर अशीच शस्त्रक्रिया झाली. बाई उठल्या, आपल्या हाताला स्वतःच वळण लावले, आणि मग दोरी आणि चेंडू घेऊन इस्पितळांतून नव्याने शस्त्रक्रिया झालेल्या बायकांच्या खाटांशी जाऊन बसू लागल्या. त्यांच्या चळवळीचे नाव मराठीत सांगायचे तर ‘हात पोचवा’ असे काहीसे होईल. डॉक्टरांना आधी ते रुचले नाही. पण १९६९ साली तिथल्या कर्करोग संस्थेने हे काम आपले म्हणून हाती घेतले. बाई डॉक्टर नव्हत्या. खाटेवरच्या बाईला त्यांच्यात एवढेच दिसे की, हिलाही झाले होते आणि हिचा हात वर जातो. आमच्या घरी न्यूयॉर्कऐवजी अकोल्याची गाडी आली, एवढाच फरक.

जाताना अक्काने आणखी एक काम केले. वऱ्हाडी कापसाची, मऊ सुती कापडाची, वाटीएवढी उशी शिवली. नुसता कापूस हलका, वर सरकतो, म्हणून तळाशी मूठभर मोहरी घातली. बाजारात याहून चांगल्या, तयार वस्तू मिळतात, हे पुढे आम्हांला कळले. पण त्या उशीने जे झाले ते झाले. आरशासमोर उभी राहून सौ. म्हणाली, “फोडणी करायची वेळ आली तर सोय आहे.”

तरीही ती फाटकाबाहेर पडली नाही. हात चढत होता, पाय चालत नव्हते. आषाढ गेला, श्रावण गेला. नवरात्राच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. अमरावतीत नवरात्राचे नऊ दिवस पहाटे अंबादेवीला पायी जायची बायकांची जुनी चाल आहे. अंधारात घोळक्याघोळक्यांनी रस्ते भरलेले असतात. काकू एकट्याच होत्या. सून यंदा बाळंतपणाला गेलेली.

“काऊन वो बाई, उद्या पहाटे येता काय संगं अंबादेवीले? एकटी जातो तं कुत्रे लागतेत मांगं.”

सौ. म्हणाली, “मला जमेल का?”

“तुमाले जमो की न जमो बाप्पा, मले कुत्र्याईचा भेव लागते!”

आणि ती गेली! मी अंथरुणात जागा होतो. फाटकाची कडी वाजलेली ऐकली आणि मुद्दाम डोळे मिटून पडून राहिलो. तिला तब्येतीसाठी चाला असे सांगणारे आम्ही सगळे होतो. आमच्याबरोबर चला, आम्हांला भीती वाटते, असे म्हणणाऱ्या काकू पहिल्याच. शिवाय, बाई अंबादेवीला निघाली तर कोणी तिला “आता कसं वाटतं?” असे विचारत नाही. सगळ्याच निघालेल्या असतात, सगळ्यांचेच डोक्यावर पदर असतात, आणि अंधार असतो.

एक अडचण आलीच. देवीला अनवाणी जायचे असते, आणि औषधांनी तिच्या तळपायांची जाणीव बोथट झालेली. खडा रुतला तरी कळायचा नाही. डॉक्टरांनी अनवाणी चालायला बजावून मना केले होते. तिने अक्काला फोन केला. अक्काचा निर्णय आला, “देवी पायांकडे बघत नाही. बूट घाल.” असे ते बूट पाच महिन्यांनी खोक्यातून निघाले.

पहिल्या दिवशी ती वाटेत दोनदा बसली. नवव्या दिवशी काकूच एकदा बसल्या. दसऱ्याला आम्ही सोने वाटले तेव्हा तिने आपट्याची पाने उजव्या हाताने दिली. पण दसरा झाला, काकू लेकीकडे परतवाड्याला गेल्या, आणि आमचे चालणे सीमोल्लंघनाबरोबरच संपले. त्या दिवाळीत ती फराळ करायला खुर्चीवर बसली, आणि फडताळाच्या वरच्या फळीवरचा सोऱ्याचा डबा मी काढून दिला. रेघ तेव्हा फळीपासून चार बोटे खाली होती.

भाऊबीजेला अक्काकडे गेलो तेव्हा दुसरी गोष्ट कळली. ही मला ठाऊक असायला हवी होती, कारण बहीण माझी आहे. अक्का चालत नव्हती. मी समजत होतो, नऊ वर्षे ती रोज जुन्या शहरातून मोर्णेच्या पुलापर्यंत जाऊन येते. सात वर्षे ती जात होती. तिच्याबरोबर एक मैत्रीण असे. दोघींची ओळख उपचारांच्या वेळी शेजारशेजारच्या खुर्च्यांवर सलाइन घेताना झालेली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात तेव्हा सारे अकोला रस्त्यावर असते. त्या गर्दीतून वाट काढत या दोघी आपला फेरा पुरा करायच्या. मैत्रिणीच्या हाडांत रोग परत आला. ती गेली, आणि अक्काने दुसऱ्या दिवसापासून चपला दाराच्या आत ठेवल्या. सौ.ला रेघ ओढून देणारी, बूट घाल म्हणून सांगणारी अक्का स्वतः दोन वर्षे घराबाहेर पहाट पाहत नव्हती. आपण हिला कोणत्या तोंडाने सांगतो, हे तिला जाचत होते, आणि सांगितल्यावाचून राहवतही नव्हते.

हे तिने सौ.ला सांगितले. सौ.ने तिचे सांत्वन केले नाही, हे मला विशेष वाटले. ती म्हणाली, “वन्सं, उद्यापासून साडेपाचला मी तुम्हांला मिस्ड कॉल देईन. तुम्ही मला द्यायचा. मग निघायचं. तुम्ही तिकडे, मी इकडे.”

वर्ष झाले याला. पहाटे साडेपाचला आमच्या घरात एक फोन दोनदा वाजतो आणि थांबतो. बोलणे होत नाही. चालताना बोलले तर धाप लागते. पण तिकडे अक्का पुलाच्या दिशेने निघाली आहे, आणि आपण अंथरुणात आहोत, हे सौ.ला खपत नाही, अक्कालाही नाही. वैशाखात पारा पंचेचाळिसाकडे गेला तेव्हा वेळ पाचवर आली. सर्दी, पाहुणे, मुसळधार पाऊस या कारणांनी सुट्टी मिळते. कंटाळा हे कारण मंजूर नाही. गंमत म्हणजे सौ. मला खाजगीत सांगते, “मी जाते ते वन्संसाठी. मी थांबले की त्या थांबतील.” आणि अक्काचा मला स्वतंत्र फोन येतो, “मी आपली तिच्यासाठी जाते रे. ती फार हळवी आहे.” दोघींचे खरे मानून मी दोघींनाही हो म्हणतो.

२०२५ साली कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी केलेला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. तो मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा होता, त्यामुळे आमच्या रोगाला तो जसाच्या तसा लावता यायचा नाही, हे आधीच सांगतो. उपचार संपलेले ८८९ रोगी. त्यांचे दोन गट. व्यायाम का व कसा करावा याचे पुस्तक दोन्ही गटांना दिले. एका गटाला मात्र पुस्तकाबरोबर तीन वर्षे एक माणूस दिला. ठरावीक दिवसांनी भेटणारा, कुठे अडते ते विचारणारा, जमेल तेवढे ठरवून देणारा. आठ वर्षांनी नुसते पुस्तक मिळालेल्यांपैकी शेकडा ८३ जण हयात होते आणि माणूसही मिळालेल्यांपैकी शेकडा ९०. पुस्तकांवर पोट असलेल्या माझ्यासारख्याने ही बातमी दोनदा वाचली.

स्तनाच्या कर्करोगापुरते म्हणाल तर मुंबईच्या टाटा रुग्णालयाने ८५० स्त्रियांवर योगासने व प्राणायाम यांचा प्रयोग केला आणि २०२२ साली त्याचे निष्कर्ष अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओच्या परिषदेत मांडले. ते आशा वाढवणारे आहेत. आणि किती करायचे याचे उत्तर फार घाबरवणारे नाही. २०१९ साली निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून सांगितले ते असे की, आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास दम लागेल असे चालावे आणि दोनदा हातापायांना थोडे वजन द्यावे. एवढ्यानेही थकवा, खिन्नता, हातापायांची शक्ती यांत फरक पडतो. अर्थात आपल्या शल्यविशारदाला विचारून. हात जड वाटू लागला, बांगडी घट्ट होऊ लागली, लाली आली, ताप आला तर रेघ वगैरे विसरून आधी डॉक्टर. सौ.ची एक रेघ खाली आली आहे ती अशाच एका आठवड्यातली. तिने ती खोडली नाही. मी खोडरबर घेऊन गेलो होतो, तर म्हणाली, “राहू द्या. उत्तरपत्रिकेत मुलांनी खोडलेलं तुम्हांला चालतं का?”

मार्गशीर्षात पुन्हा नागपूरला तपासणी आहे. त्याचे दडपण घरात आहेच. ती तारीख जवळ आली की मी कारण नसताना पुस्तकांचे कपाट आवरू लागतो, आणि ती फेऱ्यात एक चौक वाढवते.

परवा मी कॉलेजातून आलो तर स्वयंपाकघरात सोऱ्याचा डबा ओट्यावर होता. मी सवयीने स्टुलाकडे पाहिले. स्टूल कोपऱ्यात होते आणि त्यावर चार दिवसांची वर्तमानपत्रे जशीच्या तशी होती. भिंतीवर नवी रेघ नव्हती. विचारले तर म्हणाली, “फळी आडवी आली, रेघ कुठे ओढू?” मला काहीतरी बोलावेसे वाटले. पण ती फोनवर अक्काशी भांडत होती. सोऱ्या होता, जाळ्या होत्या, पण चकलीचीच जाळी नव्हती. ती गेल्या भाऊबीजेला अक्काने नेली, असा तिचा आरोप होता, आणि तो शेवटी खरा निघाला.

तेव्हा यंदा चकल्या अकोल्याला होणार आहेत. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आम्ही जाऊ. दोघींनी पहाटे साडेपाचला एकत्र निघायचे ठरवले आहे, मिस्ड कॉल न देता. पुलापर्यंत आणि तिथून राजराजेश्वराला. मीही येतो म्हणालो, तर मला घरी राहून दूध तापवायला सांगण्यात आले आहे.